कळा आणायच्या की वाट बघायची

माझ्या फाइलवर लाल शाईत एक इंग्रजी शब्द लिहिलेला होता, प्रेशस. आयव्हीएफवाल्या सगळ्यांच्या फाइलवर तो असतो, असं सिस्टरनं सांगितलं. स्टाफनं जरा जपून वागावं म्हणून. स्टाफ नेहमीसारखाच वागत होता. त्या शब्दाचा खरा परिणाम झाला तो माझ्या नवऱ्यावर. घरापासून दवाखान्यापर्यंत नऊ गतिरोधक होते. प्रत्येक गतिरोधकाच्या अलीकडे तो मला स्कूटरवरून उतरवायचा, स्वतः गाडी पलीकडे न्यायचा, मग मी चालत जाऊन पुन्हा मागे बसायचे. मागून येणारे सायकलवालेसुद्धा आमच्या पुढे निघून जायचे. अर्ध्या तासाच्या त्या प्रवासात मी जेवढी चढउतार केली, तेवढी व्यायामाच्या वर्गातही झाली नसती. पण त्याला ते सांगून उपयोग नव्हता. फाइलवर लिहिलं होतं.

तेव्हा मला एकोणचाळिसावं वर्ष चालू होतं. मी एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारा माणूस. लग्नानंतर सहा वर्षं काही झालं नाही. मग पुण्याला जाऊन उपचार घेतले. पहिल्या खेपेला दोन आठवड्यांत सगळं संपलं. दुसरा गर्भ तिथंच गोठवून ठेवला होता. तो जवळजवळ वर्षभर तसाच राहिला, कारण पुन्हा एकदा ते सगळं करायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी केलं, आणि राहिला.

सातव्या महिन्यात सासूबाई आल्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मंगळवेढ्याच्या पलीकडं त्यांचं गाव. घरी मेंढरं, शेरडं आणि थोडी ज्वारी. एसटीतून उतरल्या त्या ज्वारीचं गाठोडं डोक्यावर घेऊनच. नवऱ्यानं तोपर्यंत त्यांना उपचाराचं सगळं नीट सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट पक्की धरली, की लेकरू वर्षभर फ्रीजमध्ये होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझं थंड पाणी बंद झालं. ताक बंद, काकडी बंद, कलिंगड तर नावालाही नको. बाहेर त्रेचाळीस अंश, सोलापूरचा उन्हाळा, आणि मी दुपारी पोटावर चादर घेऊन पडलेली. ती चादर आमच्याच गावची, जाड, दुहेरी विणीची. नवऱ्यानं त्यांना समजावलं, की ते फ्रीज वेगळं असतं आणि आता लेकराला कसला गारठा नाही. आत्या म्हणाल्या, "तुला काय म्हाईत? तू व्हतास का त्यात?"

त्यांना आणखी एक शंका होती. लेकराचं वय कुठून धरायचं? माझ्या कॉलेजात जन्मतारीख दुरुस्तीचे अर्ज माझ्याकडेच येतात, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नव्हता. खेड्यांतल्या निम्म्या माणसांचा जन्म कागदावर एक जूनला झालेला असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींना जी तारीख सोयीची वाटली ती त्यांनी लिहिली. माझा नवराही एक जूनचाच. आत्यांना तर तारीखच नाही. आणि ह्या लेकराचा मात्र अंडं आणि बीज एकत्र आणल्याचा दिवस, गोठवल्याचा दिवस, पोटात सोडल्याची वेळ, सगळं शिक्क्यासकट फाइलमध्ये. आत्यांनी बोटं मोजली आणि ठरवलं, की लेकरू आत्ताच दीड वर्षाचं आहे. म्हणजे शहाणं आहे. म्हणजे ते त्याच्या मनानं येईल, त्याला कुणी घाई करू नये.

घाईचा प्रश्न निघाला तो छत्तिसाव्या आठवड्यात. आमच्या डॉक्टरबाई बोलायला फटकळ, पण हाताला हलक्या. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. एक, तारखेपर्यंत वाट बघायची आणि तोवर बाळाचे ठोके वरचेवर तपासायचे. दोन, एकोणचाळीस आठवडे पुरे झाले की दवाखान्यात येऊन औषधानं कळा आणायच्या. तीन, सरळ सिझेरियन. आयव्हीएफवाले बहुतेक जण तिसरी वाट घेतात, असंही त्या म्हणाल्या. "विचार करून सांगा," म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

आम्ही विचार करायला घरी आलो. पण विचार करायला बरेच जण आधीच बसलेले होते.

माझी आई शहरातच राहते. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. मला वाटलं होतं, निदान ती तरी शास्त्राच्या बाजूनं बोलेल. ती बोलली सिझेरियनच्या बाजूनं, पण गुरुपुष्याच्या मुहूर्तावर. तिनं एका ज्योतिषीबुवांना गाठलं होतं. बुवांनी आधी गर्भ राहिल्याची वेळ विचारली. आईनं फाइल बघून मिनिटासकट सांगितली. बुवा खूश झाले, इतकी अचूक वेळ त्यांना आयुष्यात कुणी दिली नव्हती. मग त्यांनी ठिकाण विचारलं. आई म्हणाली, तसं बघितलं तर पुणे, पण पोटात सोडलं ते वर्षभरानं. बुवांनी पंचांग पुढं-मागं चाळलं. शेवटी म्हणाले, ते जाऊ दे, आपण जन्माचंच बघू. गुरुवार, अकरा वीस ते बारा पाच.

नवऱ्याच्या कारखान्यातही चर्चा झाली. तिथल्या पंचवीस माणसांचं मिळून असं ठरलं, की सिझेरियन नको, कारण नंतर कंबर धरते. मी त्याला विचारलं, की तुला स्वतःला काय वाटतं. तो म्हणाला, "शरीर तुझं आहे. तू म्हणशील ते." हे वाक्य त्यानं कुठंतरी वाचलं असावं. ते बरोबरही होतं. पण मला इतका राग आला, की मी स्वयंपाकघरात जाऊन रिकामा कुकर घासत बसले. माझं शरीर सहा वर्षं सगळ्यांचं होतं. इंजेक्शन देणाऱ्यांचं, सोनोग्राफीवाल्यांचं, दर महिन्याला काही आहे का म्हणून विचारणाऱ्यांचं. आणि नेमकं अवघड गणित आलं तेव्हा ते एकदम माझ्या एकटीचं झालं.

पुढच्या तपासणीला आम्ही चौघं गेलो. केबिनमध्ये खुर्च्या दोन. माझ्याशेजारी आई बसली, नवरा आणि आत्या मागे उभे राहिले. आईनं मुहूर्ताचा कागद काढला. डॉक्टरबाईंनी तो न बघता खणात ठेवला. त्या खणात आणखीही तसलेच कागद असावेत. मग त्या सिझेरियनच्या तारखेबद्दल बोलायला लागल्या, तेव्हा मागून आत्या म्हणाल्या, "बाई, एक इचारू? थांबलं तर काय हुईल, आन् न्हाय थांबलं तर काय हुईल?"

इतके दिवस मला हाच प्रश्न विचारायचा होता, आणि तो मला मांडता येत नव्हता. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच सावकाश सांगितलं. वय जास्त आणि उपचारानं राहिलेला गर्भ, त्यामुळे तारीख जवळ येते तशी बाळाला पोसणारी वार थकण्याची भीती थोडी जास्त असते. थोडीच, पण असते. कळा आणल्या तर ती भीती टळते, पण वेळ लागतो, दुखतं जास्त, आणि कधीकधी एवढं करूनही सिझेरियन करावंच लागतं. सरळ सिझेरियन केलं तर जखम भरायला वेळ, आणि पुढच्या वेळी ती लक्षात ठेवावी लागते. बाळ आत्ता उत्तम आहे. आज घाई करायचं कारण नाही.

"मंग मेंढीसारकंच हाय," आत्या म्हणाल्या. "हात कवा घालायचा त्येच अवघड असतं. लई लवकर न्हाय, आन् लई उशीर बी न्हाय."

आईनं डोळे मिटून घेतले. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरोबर आहे आजी. अगदी हेच आहे."

त्या दिवशी ठरलं, की वाट बघायची. आठवड्यातून दोनदा ठोके तपासायचे आणि रोज जेवण झालं की डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजायची. दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे. मोजायचं काम आत्यांनी घेतलं. त्यांना आकड्यांवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी दोन वाट्या घेतल्या. बाळ हललं की मी "हं" म्हणायचं, की त्या एका वाटीतला ज्वारीचा दाणा दुसऱ्या वाटीत टाकायच्या. दहा दाणे झाले की ते अंगणात चिमण्यांना. बहुतेक दिवशी वीस मिनिटांत दहा व्हायचे. चिमण्याही वेळेवर यायला लागल्या होत्या.

एके दिवशी दोन तासांत तीनच दाणे झाले.

आधी आत्या म्हणाल्या, निजलं असंल. मी कूस बदलली. पोटावर हात ठेवून त्या काही वेळ बसल्या. मग उठल्या, फ्रीज उघडला आणि आतल्या बाटलीतलं गार पाणी साखर घालून मला दिलं. दोन महिने त्यांनी मला त्या बाटलीला हात लावू दिला नव्हता. त्यांच्या हातात तो पेला बघितला आणि माझ्या लक्षात आलं, की ह्याही घाबरल्यात. मी गटागट प्यायले. काहीच हललं नाही. मी पोटाला हाक मारली. नाव ठरलेलं नव्हतं, त्यामुळे नुसतंच "ए, ए" म्हणत राहिले.

रिक्षातून दवाखान्यात गेलो. वाटेतला एकही गतिरोधक मला जाणवला नाही. सिस्टरनं पोटाला पट्टे बांधले, मशीन लावलं. काही क्षण नुसती खरखर ऐकू आली. मग ठोके आले, भराभर, एकसारखे. नवरा कारखान्यातून तसाच आला होता, केसांत कापसाचे तंतू. तो दारात उभा राहून मान तिरकी करून ऐकत राहिला, माग ऐकतो तसा. म्हणाला, "एका चालीत चाललंय. काही अडकत नाही." आणि मग तिथंच जमिनीवर बसला. डॉक्टरबाई आत आल्या तेव्हा बाळानं अशी लाथ मारली, की पट्टा सरकला. झोपलं होतं.

पण मला कळून चुकलं होतं, की अशी दुपार मला पुन्हा सोसणार नाही. वाट बघण्यात जी भीती डॉक्टरबाई थोडीशी म्हणत होत्या, ती माझ्या हिशेबात थोडीशी राहिली नव्हती. मला सिझेरियनही नको होतं, कारण जे बाळ इतकं ठरवून आणलं, त्याच्या येण्यात माझ्या अंगानं काहीतरी करावं असं मला वाटत होतं. कदाचित हे वेडेपणाचं असेल. मी म्हणाले, "एकोणचाळीस आठवडे झाले की कळा आणा." डॉक्टरबाईंनी कॅलेंडर बघितलं. तो दिवस नेमका गुरुवार निघाला. गुरुपुष्याचा.

आईला काय आनंद झाला. सिझेरियन नाही तर नाही, निदान औषधाचा तरी मुहूर्त साधेल, असं ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी आम्ही बॅग घेऊन दवाखान्यात पोचलो, तर तिथं लग्नाचं कार्यालय असावं तशी गर्दी. रेशमी साड्या, पेढ्यांचे पुडे, टोप्या घातलेले आजोबा. जो तो मोबाइलमध्ये वेळ बघतोय. आईनं शोधून काढलेला मुहूर्त सगळ्या सोलापूरनं शोधून काढला होता. ऑपरेशन थिएटर एक, मुहूर्त पाऊण तासाचा आणि सिझेरियन तीन. आधी कुणाला आत घ्यायचं यावरून दोन घरांतले मामा एकमेकांशी फार अदबीनं भांडत होते. काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, की आज बेडच नाही. मी म्हणाले, माझी तारीख ठरलेली आहे. ती म्हणाली, आज सगळ्यांचीच ठरलेली आहे.

तेवढ्यात डॉक्टरबाई हिरवी टोपी घालून बाहेर आल्या. मला बाजूला घेऊन ठोके तपासले, सगळं ठीक होतं. म्हणाल्या, उद्या फोन करते, तेव्हा या. महिनाभर ज्या निर्णयासाठी मी झोप घालवली होती, तो बेड नसल्यामुळे एक दिवस पुढे गेला. आम्ही घरी आलो आणि भाकरी, शेंगाचटणी खाऊन झोपलो. आत्या म्हणाल्या, "गर्दी हाय म्हनून त्येच आज आलं न्हाय. शानं हाय."

शुक्रवारी दहा वाजून वीस मिनिटांनी फोन आला, की बेड रिकामा झालाय, लगेच या. आम्ही रिक्षातून उतरत होतो तोच आई समोरून आली आणि तिनं माझा हात धरला. साडेदहा ते बारा राहुकाळ होता. तिचं म्हणणं होतं, की तेवढा वेळ रिक्षातच बसावं. रिक्षावाला तयार होता, त्याला राहुकाळ पटत होता. मी म्हणाले, "आई, बेड जाईल." आणि आत गेले. सव्वाअकराला कळा आणायचं पहिलं जेल लावलं.

सोबत एकीलाच आत घेता येईल, असं सिस्टरनं सांगितलं. आई पुढे झाली. मी म्हणाले, "आत्यांना येऊ दे." मला ते आधी सांगायला हवं होतं, निदान तिला एकटीला गाठून. आई "बरं" म्हणाली आणि नीट भरलेली बॅग पुन्हा उघडून भरायला लागली.

दुपारपर्यंत काहीच झालं नाही. मी आणि आत्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होतो. आदल्या दिवशीचे पुष्य नक्षत्रवाले सगळे आपापल्या खोल्यांत होते आणि प्रत्येक दारातून मला पेढा मिळत होता. संध्याकाळी दुसरं जेल. मग कळा सुरू झाल्या, आणि त्यांच्याबद्दल मी जे ऐकलं, वाचलं, लिहून ठेवलं होतं त्यातलं काहीही उपयोगाचं निघालं नाही. पहाटे डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, पुढे सरकतंय पण हळू. हवं तर सिझेरियन करू, नाहीतर दोन तास थांबू.

मी विचारलं, "ठोके बरे आहेत?"

"उत्तम आहेत."

"मग थांबू."

तो निर्णय घ्यायला मला एवढाच वेळ लागला. आत्यांनी माझ्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

शेवटी सिस्टर "पुश, पुश" म्हणत होती. मला पुश म्हणजे काय तेच कळेनासं झालं होतं. तेव्हा आत्यांच्या तोंडून आपसूक एक आवाज निघाला. मेंढरं अडली की पुढं हाकायला घालतात तसला, "हुर्र, हुर्र, हुर्र." सिस्टर थबकली. डॉक्टरबाईंनी वर बघितलं. पण मला तो आवाज कळला. त्या आवाजात माझ्याकडून काय हवंय ते स्पष्ट होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, चालू ठेवा." आणि शनिवारी सकाळी सव्वासातला मुलगी झाली. पावणेतीन किलो. रडली ती अशी, की आत्यांचा आवाज बंद पडला. त्यांनी बोटाची मागची बाजू तिच्या तळपायाला लावून बघितली. "ऊन हाय की," म्हणाल्या, आणि मगच हसल्या.

आई दुपारी आत आली. सकाळी ती दारातून बघून गेली होती. आत्या जेवायला गेल्या होत्या. आईनं मुलीला घेतलं, खिडकीपाशी बसली. मी म्हणाले, की काल तसं करायला नको होतं. ती म्हणाली, बरंच झालं, मला रक्त बघवत नाही, मी पडले असते. मग थोड्या वेळानं तिनं माझ्या जन्माची गोष्ट सांगितली. तोपर्यंत कधीच सांगितली नव्हती. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होती, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी येऊन सांगितलं, की चल, उद्या सिझर आहे. कारण काय, कुणी ठरवलं, हे तिला आजही माहीत नव्हतं. उरलेले पेपर दुसऱ्या बाईंनी तपासले. "मला कुणी काही विचारलंच नाही गं," आई म्हणाली. "म्हणून वाटत होतं, तुझ्या वेळी निदान वेळ तरी आपण निवडावी."

तेवढ्यात मुलगी रडायला लागली. आई म्हणाली, भूक लागली असेल. आत्या जेवून परत आल्या होत्या, त्या म्हणाल्या, पोटात वारा धरला असेल. नवरा दारातून म्हणाला, की पंखा जास्त आहे का. मी तिला जवळ घेतलं. मलाही तिला काय हवंय ते माहीत नव्हतं. आमची चौघांची चर्चा बराच वेळ चालली, आणि ती मधेच केव्हातरी झोपून गेली.